नळीसमोरचा ठिपका

विजे,

तुझा स्टीलचा डबा कालपर्यंत माझ्या ओट्यावर होता, साखरेच्या नि चहाच्या डब्याशेजारी. रोज सकाळी माझा हात चुकून त्याच्यावर जायचा आणि आत स्क्रू वाजायचे. आपल्या दुर्बिणीची फोकसची नळी, तिची लाकडी बैठक, चार स्क्रू आणि बैठकीखाली टेकू म्हणून घातलेले रेल्वेच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचे तुकडे. मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर तू हे सगळं रागारागाने खोललंस, डब्यात टाकलंस, झाकण आपटलंस, डबा माझ्या हातात कोंबलास आणि जिन्याकडे जाताना म्हणालीस, "उद्या येते. मग बघू कोण बरोबर ते."

बुधवारी दुपारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलेली असताना तू पुढे कलंडलीस. मेंदूतली नस फुटली म्हणाले. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे मी लिहिते आहे, लिहिलेलं परत वाचते आहे, आणि दुसऱ्याच कुणा विजया परबबद्दल चाललंय असं मला वाटतंय.

मला ऑफिसात फोन आला तो तुझ्याच बोर्डावरच्या मुलीचा. ती बिचारी सवयीने म्हणाली, "होल्ड करा हां," आणि मग तिला पुढचं बोलताच येईना. मी होल्ड करून उभी. मला वाटलं, तूच तिला नंबर लावायला सांगितला असशील, भांडणाचा पुढचा अंक ऑफिसच्या वेळेतच सुरू करायला. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं. ते उत्तर तसंच तोंडात राहिलं, आणि ती मुलगी काय सांगत्येय ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ती दोनदा तेच म्हणाली होती.

आपल्या बिल्डिंगीत सगळे म्हणतात, कुंदाला धक्का बसलाय, ती रडत नाहीये. मी रडत नाही कारण मला राग आलाय. "उद्या येते" म्हणणाऱ्या माणसाने यायचं असतं, एवढं साधं आहे. तू कधी उशिरा आली असशील, आल्या आल्या उलटं मलाच बोलली असशील, पण म्हणालीस आणि आलीच नाहीस असं मुलुंडात राहायला आल्यापासून एकदाही झालं नाही. अजूनही संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून चपला फटफटत खाली येतील म्हणून मी भाजी चिरता चिरता थांबते. आमचे सुधीर येऊन गॅस बारीक करून जातात.

तुझ्याबद्दल लिहायला मला आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाने सांगितलं. "चार ओळी लिही, कधी जन्मली, कुठे शिकली, किती वर्षं नोकरी, आईचा सांभाळ केला." ते मी लिहिणार नाही. तुझी नोकरी आणि तुझा आईचा सांभाळ सगळ्यांनी पाहिलाय. लग्न का नाही केलं हेही सगळ्यांनी तुझ्या परोक्ष ठरवलेलंच आहे. मी आपल्या दुर्बिणीचं लिहिते. ते कुणाला ठाऊक नाही, आणि आपण दोघी खऱ्या कुठे भेटलो असू तर तिथेच.

आठवतं ना, धूमकेतू येणार म्हणून तेव्हा सगळ्या मुंबईला आकाशाचं वेड लागलं होतं. दादरच्या एका शाळेत दुर्बिणीचे आरसे घासायला शिकवतात हे तू कुठूनतरी ऐकून आलीस आणि मला न विचारता दोघींची नावं देऊन आलीस. मी म्हटलं, "अगं, मला स्वयंपाक आहे, पोरगी आहे, ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर ट्रेसिंग करून डोळे फुटतात." तू म्हणालीस, "म्हणूनच तर. दिवसभर जवळचं बघतेस, जरा लांबचं बघ." मग तुझ्या घरच्या गॅलरीत पाण्याने भरलेल्या पिंपावर काच ठेवून आपण दोघी गोल गोल फिरत काचेवर काच घासायचो. खर्र खर्र खर्र. शेजारच्यांना वाटलं परबांनी पिठाची गिरणी काढली.

त्या कामात एक तुझं असं होतं, विजे, की तू चुकायची नाहीस. म्हणजे चुकायचीस, पण "चुकले" हा शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही. आरशाला झिलई करायच्या डांबराचा गोळा तू तुझ्या आईच्या, म्हणजे काकींच्या, धुतलेल्या नऊवारीवर पाडलास तेव्हा धावत माझ्याकडे आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "कुंदे, हसायचं नाही हां." गच्चीचं दार बाहेरून ओढून घेतलंस आणि किल्ली घरात राहिली, आपण दोघी वर अडकलो, तेव्हाही तेच. "हसायचं नाही हां." हे वाक्य कानावर आलं की मला कळायचं, बाईंनी काहीतरी करून ठेवलंय. मग मी हसायचेच. मी हसले की तुझाही राग जायचा. आपल्यात माफी मागायची पद्धत एवढीच होती.

कामाची वाटणीही आपोआप ठरली. आरसे माझे, बाकी सगळं तुझं. पेट्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडून नळकांडं वाकवून आणलंस तू, प्लंबिंगच्या दुकानातून पितळी पाइप आणून त्याची डोळा लावायची, नळकांड्याच्या बाजूला बसणारी फोकसची नळी केलीस तू, ती बसवायला सुताराकडून नळकांड्याच्या गोलाईला जुळेल अशी लाकडी बैठक करून घेतलीस तू. आणि मला ठणकावून सांगितलंस, "हे बघ, आरशांना इतक्यात हात लावायचा नाही. आधी ही नळी नळकांड्याला काटकोनात आहे का ते बघायचं. पाहणाऱ्याचा डोळाच तिरका असेल तर आरसा बिचारा काय करणार?"

नळी सरळ आहे की नाही हे बघायची तुझी युक्ती मला मनापासून आवडली होती, तुला कधी सांगितलं नाही. नळीच्या बरोबर समोर, नळकांड्याच्या पलीकडच्या बाजूला, एक बारीक भोक पाडायचं. नळकांड्याच्या आत नळीसमोर असतो तो छोटा तिरका आरसा काढून ठेवायचा. फिल्मच्या रोलची प्लास्टिकची डबी नळीत घट्ट बसते, तिच्या बुडाला मधोमध भोक, तोंडावर काळ्या दोऱ्याची फुली. दिवसाउजेडी डबीतून आत बघितलं की पलीकडचं भोक अंधारात पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. दोऱ्याची फुली त्या ठिपक्यावर आली की नळी सरळ. नाही आली तर बैठकीच्या ज्या बाजूला लागेल तिथे टेकू घालायचा.

तो ठिपका कुठे पाडायचा ते तू एका रविवारी तुझ्या घरी ठरवलंस. काकी शिवणकाम करतात, त्यामुळे तुमच्या घरात कात्री, खडू, पट्टी यांना तोटा नाही. तू वर्तमानपत्राची लांब पट्टी घेतलीस, नळीच्या भोकाच्या मधोमध काढलेल्या रेघेपासून नळकांड्याभोवती गुंडाळलीस, रेघेपाशी परत आणलीस, काकींच्या मोठ्या कात्रीने कापलीस. मग ती उलगडून दुमडलीस. जिथे घडी आली ते बरोबर अर्धं. ते समोर. मी त्या वेळी खिडकीत बसून आरसा पुसत होते, माझी तुझ्याकडे पाठ होती. तू ड्रिल फिरवलंस आणि ओरडलीस, "झकास! कुंदे, ये, बघ, आत चांदणी उगवली!"

फुली काही त्या चांदणीवर आली नाही. चांगली बाजूला होती. तू जाहीर केलंस, "सुताराने बैठक वाकडी केलीय." मग पर्समधून तिकिटं काढलीस, जुनी, पुठ्ठ्याची, मुलुंड ते घाटकोपर. बैठकीच्या एका बाजूखाली एक घातलंस, मग दुसरं, मग तिसरं, आणि फुली ठिपक्यावर आली. तुझा चेहरा इतका खूश होता की मी सुताराची बाजूच घेतली नाही.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. चंद्र बघायला लागलो तर चंद्राचा एक काठ धारदार, खड्डा न् खड्डा मोजून घ्यावा असा, आणि दुसरा काठ ताक घुसळल्यासारखा. तो काठ धारदार करावा तर हा बिघडायचा. धूमकेतूही आपल्याला असाच दिसला, एका कुशीवर वळलेला. तू म्हणायचीस, आरसे नीट लावलेले नाहीत. मी आरसे लावायचे. परत तेच. मी म्हणायचे, नळी तिरकी असेल. तू म्हणायचीस, नळी मी लावलीय, फुली ठिपक्यावर आहे, बघ. मी बघायचे. फुली ठिपक्यावर असायची.

मग मी माझं मत सोडायचे नाही. "अगं, आरसे एकदा जुळले की नळी जराशी तिरकी असली तर काय बिघडतं? थोडं चालवून घ्यायचं." तुला "चालवून घ्यायचं" या शब्दाचाच संताप. "चालवून घेत घेतच तुम्हा लोकांची आयुष्यं जातात," असं तू एकदा म्हणालीस, आणि त्यात तुझी माझ्या संसाराला एक टपली होती हे दोघींना कळलं. मीही मग तुझ्या हट्टी स्वभावाला टपली मारली. हे सगळं गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांच्या मध्ये. पापडवाल्या बाईंनी आपले पापड उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेले.

मंगळवारी मी दमले होते. तू तिसऱ्यांदा मला आरसे लावायला सांगितलंस तेव्हा म्हटलं, "विजे, आरसे ठीक आहेत, बैठक ठीक आहे. मग तुझा ठिपकाच चुकला असेल!"

तू थांबलीस. "माझा ठिपका?"

"हो, तुझा."

"माझा ठिपका चुकत नाही."

"मग चंद्रच वाकडा आहे वाटतं."

त्यानंतर तू स्क्रू ड्रायव्हर घेतलास, पुढचं मी वर लिहिलंच आहे. मी ते टोमण्याने बोलले होते, मला काही ठाऊक नव्हतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. आपण तसंच बोलायचो, आणि तसं बोललो नसतो तर दुसऱ्या दिवशी चहाला काय मजा आली असती.

पण दुसरा दिवस आलाच नाही. म्हणजे आला, चांगला उजाडला, नळाला पाणी आलं, पोरीचा डबा भरला, तूही कामावर गेलीस. आणि दुपारी गेलीस. विजे, हे मला अजून कळत नाहीये. माणूस बोर्डावर बसून दुसऱ्यांचे फोन जोडत असतं, आणि मध्येच असं कसं तुटतं?

परवा, शनिवारी, काकी माझ्याकडे आल्या. तुझे दिवस झाल्यानंतर पहिल्यांदाच त्या जिना उतरल्या होत्या. बसल्या, पाणी नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो नळो गच्चीर तसोच पडलोहा. माका वर जावक होयना, पण डोळ्यांपुढून जायत नाय. काम अर्धा टाकून गेला चेडू. बसव गो तू."

मी हो म्हटलं, आणि मग रात्रभर माझी चलबिचल. बसव म्हणजे कसं बसवू? तुझ्या ठिपक्यावर बसवलं तर काठ मऊच राहणार, मला माहीत होतं. आणि ठिपका पुन्हा मोजला, माझ्या मताने बसवलं, तर आपलं भांडण मी तुझ्या पाठीमागे एकटीने मिटवल्यासारखं होणार. तुला बोलायची संधी न देता. तू जिवंत असतीस तर असं मी कधी केलं नसतं, आणि तू नाहीस म्हणून करावं याची मला लाज वाटत होती. सुधीर म्हणाले, "तिने काय केलं असतं?" मी म्हटलं, "तिने पुन्हा मोजलं असतं. दुसऱ्याचं असतं तर." 

काल रविवारी दुपारी डबा घेऊन मी वर गेले. नळकांड्यावर तू घातलेली जुनी चादर काढली. पेपरची पट्टी घेतली, रेघेपासून गुंडाळली, रेघेला आली तिथे कापली, दुमडली. घडी तुझ्या ठिपक्यावर आली नाही. पाव इंच बाजूला आली.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दुसरी पट्टी घेतली. पुन्हा पाव इंच. पत्रा कुठे चेपलाय का पाहिलं. नव्हता चेपला. तिसरी पट्टी घेताना मला इतकं विचित्र वाटलं, विजे. मी जिंकत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. तू माप घेतलेलं चुकणं शक्य नाही. तू ब्लाउजचं माप नुसत्या नजरेने सांगायचीस. तूच जर चुकीची असलीस तर आता मी खरं कुणाला विचारू?

म्हणून खाली जाऊन काकींना हाक मारली. "काकी, तुमच्या हाताने एकदा मापून द्या, माझा भरवसा नाही." त्या नको नको म्हणत वर आल्या, कात्री बरोबर घेऊनच. नळकांड्यापुढे बसल्या. त्यांना मी सांगितलं, या रेघेपासून परत याच रेघेपर्यंत कागद गुंडाळून कापायचा. त्यांनी कागद गुंडाळला, बोटाने रेघेपाशी दाबला, आणि कात्री लावली. मी बघत होते. कात्री रेघेवर थांबली नाही. रेघेच्या पुढे अर्धा इंच गेली आणि तिथे सरळ, सफाईने चालली.

"काकी, हे पुढचं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं. "अगो, शिलाय सोडूक नको? अर्धो इंच सोडूकच व्हयो. नायतर जोडतलंस कसा?"

"पण हे जोडायचं नाहीये, काकी. हे नुसतं दुमडायचं आहे."

काकी कात्रीकडे बघत राहिल्या, मग कागदाकडे. त्यांचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या इंचात गेलेलं, विजे, आणि तुझं बालपणही. तुझ्या हाताने तेच केलं होतं. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून तू त्यांच्या पाटाशी बसून कापड बेतलंस, तुला कुणी अर्धा इंच सोड म्हणून सांगावं लागत नसे. कागदाची पट्टी समोर आली आणि हाताने आपणहून शिलाई सोडली. तेवढ्या जास्तीच्या कागदासकट तू ती दुमडलीस, म्हणून घडी पाव इंच पुढे गेली, ठिपका पाव इंच पुढे गेला, आणि बिचाऱ्या सुताराच्या सरळ बैठकीखाली तू तीन तिकिटं सारून ती वाकडी केलीस. तुला सगळं येत होतं म्हणून तू चुकलीस. माझ्यासारख्या शिवण न येणाऱ्या बाईच्या हातून ही चूक झालीच नसती.

मी काकींना हे समजावून सांगितलं. त्यांना दुर्बिणीतलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मंगळवारी ता वरसून इला ना, रागान. जेवणाआधी पोह्यांच्या डब्याक कागद गुंडाळीत बसला व्हता."

"कोण? विजू?"

"मग कोण? गुंडाळल्यान, कापल्यान, बघल्यान. आणि मगे कपाळार हात मारून घेतल्यान आणि येकटाच हसाक लागला. मी इचारलंय, काय झाला गो? तर माका म्हणाला, आये, उद्या कुंदा माका हसतली."

विजे.

मी तिथेच गच्चीच्या जमिनीवर बसले. काकींनी ते इतके दिवस मनात ठेवलं होतं, सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पोरगी पोह्यांच्या डब्याशी खेळत होती, हसत होती, एवढंच. आणि मी इतके दिवस समजून होते की तू माझ्यावर रागावलेली गेलीस. मला वाटत होतं, बोर्डावर बसून तू मला सुनवायची वाक्यं जुळवत असशील. तू तर आपली चूक पकडून माझ्याकडे यायला निघालेली होतीस. दारात उभी राहून तुझं ते वाक्य म्हणायला.

थोड्या वेळाने मी उठले. काकींनी घरातून तुझं ड्रिल काढून दिलं. तुझ्या ठिपक्याच्या शेजारी मी दुसरं भोक पाडलं. तुझं बुजवलं नाही, पत्र्यात पाडलेलं भोक बुजवायचं तरी कशाने, आणि बुजवायचं कशाला. तिकिटं डब्यातच ठेवली आणि बैठक विनातिकीट बसवली. डबीतून आत पाहिलं तर अंधारात दोन ठिपके शेजारी शेजारी, आणि दोऱ्याची फुली माझ्या ठिपक्याला जवळजवळ टेकलेली. एका स्क्रूपाशी कागदाची नुसती एक घडी घालावी लागली. सुताराची मी मनातल्या मनात क्षमा मागितली, तुझ्या वतीने. मग तिरका आरसा जागेवर घातला आणि दोन्ही आरसे जुळवले, शांतपणे, कुणी डोक्यावर उभं राहून सूचना देत नसताना. ती शांतता मला सहन होत नव्हती. मध्येच मी म्हणून गेले, "जरा थांब ना, घाई कसली?" काकींनी ऐकलं आणि डब्याचं झाकण लावलं.

तुझी बाजू खरी ठरली तेही सांगून टाकते, कारण तू नक्की विचारशील. आधी नळी सरळ हवी, मग आरसे. तू म्हणायचीस तेच बरोबर. मी जे चालवून घेऊ म्हणायचे ते चाललं नसतं. मी जिंकले ते फक्त टोमण्यात. आपण दोघी बरोबर होतो आणि दोघी चूक होतो, आणि हे आता फक्त मला माहीत आहे, हेच मला सगळ्यात जास्त बोचतंय. जिंकल्याचं कुणाला सांगायचं? हरल्याचं तरी कुणाला?

दिवेलागणीला अर्धा चंद्र आपल्या पाण्याच्या टाकीवर आला. नळकांडं फिरवून धरलं, नळी आतबाहेर केली. विजे, या काठापासून त्या काठापर्यंत सगळं स्वच्छ. इकडचे खड्डे, तिकडचे खड्डे, मधल्या डोंगरांच्या सावल्या. ताक नाही कुठे. मी डोळा लावून इतका वेळ उभी राहिले की काकींनी मला बाजूला सारलं. त्यांना वाकता येत नाही, म्हणून खालून स्टूल आणलं. त्यांनी एक डोळा हाताने झाकला आणि बघितलं.

"माका तर नुसतो चंद्र दिसता," त्या म्हणाल्या. "ह्येच्यासाठी भांडत व्हतंत?"

"हो, काकी."

"दोघी?"

"दोघी."

त्या परत बघायला लागल्या. मग दुर्बिणीवरून डोळा न काढताच मला म्हणाल्या, "मगे हस की. कुंदा हसतली म्हणान सांगान गेलाहा ना ता."

आणि मी हसले, विजे. आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून, मोठ्याने, गच्चीवर, दोन्ही हातांनी पत्र्याचं नळकांडं धरून. पोह्यांचा डबा, शिलाई, मुलुंड ते घाटकोपर तिकिटं. काकीही हसायला लागल्या. कुणीतरी खिडकीतून वर डोकावलं आणि परत आत गेलं. हसता हसताच माझं इतके दिवस अडकलेलं रडू आलं, आणि मी तरीही हसतच होते, कारण थांबवायला, "कुंदे, हसायचं नाही हां" म्हणायला, तू नव्हतीस.